ओढ्यापलीकडचं माहेर

"आत्या, जरा पाठ फिरवून बसा की, सगळं ऊन डोळ्यांवर येतंय," मी म्हणाले.

"येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "वाडीत चुली पेटल्यात. धूर दिसतोय का तुला?"

मला धूर दिसत नव्हता. खाली दरीत नुसतं निळसर, धुरकट काहीतरी पसरलेलं होतं आणि त्यात कुठेतरी हिरडेवाडी असणार, एवढंच मला कळत होतं. सासूबाईंना मात्र तिथून घरं मोजता यायची. कोणाच्या दारात मांडव पडलाय, कोणी कौलं काढून पत्रा घातलाय, हे त्या आमच्या केंद्राच्या कठड्यावर बसून सांगायच्या. ते खरं होतं की मनचं, याचा पडताळा मी कधी घेतला नाही.

केंद्र म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. हे त्याचं कागदावरचं नाव. केळगडात सगळे त्याला घाणीची टाकी म्हणत आणि मला घाणीच्या टाकीवरच्या बाई. बी.एस्सी. होऊन, लग्न करून, डोंगरावर येऊन मी हे नाव कमावलं. सांगलीची माझी आई बरेच दिवस शेजारणींना, वैजू नगरपालिकेत आहे, एवढंच सांगून विषय बदलायची.

केळगड हे थंड हवेचं गाव. वर हॉटेलं, बंगले, बाजारपेठ, आणि त्या सगळ्यांची घाण गटारांतून गायमुखाच्या ओढ्याला. ओढा डोंगरउतारावरून हिरडेवाडीच्या अंगाने खाली जातो. पालिकेने उशिरा का होईना, गावाखालच्या टप्प्यावर जागा सपाट करून केंद्र बांधलं, तिथे मी नोकरीला लागले. सून एकटी रानातून येते म्हणून सासूबाई रोज संध्याकाळी मला न्यायला यायच्या. निदान घरात तसं सांगायच्या. खरं कारण कठड्यावरून दिसायचं. हिरडेवाडी हे त्यांचं माहेर होतं आणि त्या माहेरात त्यांनी दहाबारा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

वाडीची एक रीत होती. चैत्री पुनवेच्या जत्रेला लेकी माहेरी यायच्या त्या ओढा ओलांडून. भाऊ ओढ्याच्या काठाला येऊन उभा राहायचा. आधी बहिणीच्या पायांवर पाणी घालायचा, मग ओंजळ भरून तिला पाजायचा. भावाच्या ओंजळीतलं पाणी प्यायल्याशिवाय लेक घराचा उंबरा ओलांडायची नाही. एका वर्षी हौसाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अशाच गेल्या. भाऊ, बाळकूमामा, काठावर तांब्या घेऊन उभे. ते म्हणाले, आक्का, आता ओढ्याचं घेऊ नको, वरनं घाण येतीया, हापशाचं आणलंय. त्यावर ह्या बाईने अलीकडच्या काठावरूनच पाठ फिरवली. जवा ओढ्याचं पाजशील तवा ईन, एवढं म्हणाली आणि अख्खा डोंगर चढून परत आली.

हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात चारजणींनी सांगितलं. सगळ्यांचं म्हणणं एकच की हौसाबाईचा राग लई वाईट. मलाही तो पटण्यासारखा होता, कारण भाजीत मीठ जास्त पडलं की मी तो बघत होते. पण रागावलेलं माणूस रोज संध्याकाळी डोळ्यांत प्राण आणून चुलींचा धूर बघत बसत नाही, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. सासरे गेले तेव्हा बाळकूमामा वर आले होते. पुरुषांत बसले, पुरुषांत उठले. भावाबहिणीचं बोलणं झालंच नाही. आणि केंद्र सुरू झालं त्या हिवाळ्यात निरोप आला की मामांची दृष्टी गेल्यात जमा आहे, आता त्यांना घाट चढवत नाही.

त्या दिवसापासून सासूबाई टाकीची चौकशी करायला लागल्या.

टाकीचं काम त्यांना मी स्वयंपाकघरातल्या भाषेत समजावलं होतं. दह्याला लागतं तसं घाणीलाही विरजण लागतं. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते घाण खातात आणि वाढतात. त्यांना हवा लागते म्हणून टाकीत खालून वारा सोडायचा. पुढच्या टाकीत ते तळाला बसतात आणि वरचं निवळ पाणी ओढ्याला जातं. आम्ही विरजण म्हणून शेण कालवून टाकलं होतं. थंडीमुळे ते धरायला वेळ लावत होतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे जित्राबंच की. आज खाल्लं का त्यांनी?"

तेव्हापासून टाकीतल्या त्या जीवांचं नाव जित्राबं पडलं. रात्री जेवताना रघुनाथ, माझा नवरा, वैतागायचा. त्याला भाकरी वाढायच्या आधी जित्राबांचं खाणंपिणं निघायचं.

फाल्गुन लागला आणि टाकीने रंग धरला. चांगली दाट तपकिरी झाली, दुर्गंधी जाऊन ओल्या मातीसारखा वास यायला लागला. काचेच्या उभ्या नळीत पाणी भरून ठेवलं की थोड्या वेळात सगळा गाळ खाली बसायचा आणि वर निवळ. मी ती नळी सासूबाईंना उन्हात धरून दाखवली. त्यांनी नळीला हात लावला नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, पुनवेला महिना हाय अजून.

त्याच आठवड्यात उद्घाटन ठरलं. मंत्री येणार होते. मी रघुनाथच्या आत्येबहिणीच्या लग्नाला दोन दिवस रजा घेऊन गेले आणि परत आले तर टाकी पांढरीशुभ्र. नगराध्यक्ष पाहणीला आले होते, त्यांना टाकीत तपकिरी फेस दिसला. मंत्र्यांना ही घाण दाखवायची का, असं म्हणून त्यांनी माणसं लावली, टाकी उपसली, ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतली, चुना मारला आणि तलावावरून टँकर आणून काठोकाठ स्वच्छ पाणी भरलं. वर झेंडूची फुलं सोडली. आमचे ओव्हरसियर तांबोळी एका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी अडवून पाहिलं होतं, पण त्यांना सांगण्यात आलं की घाण साफ करायचं केंद्र घाणेरडं कसं असेल. 

मंत्री आले, फीत कापली, झेंडूंमधून पाण्यात डोकावले आणि पाणी किती स्वच्छ झालंय म्हणून भाषणात चार वाक्यं बोलले. टाळ्या झाल्या. मग ओढ्याकडचा दरवाजा उघडला. तलावाचं ते पाणी खळाळत खाली निघालं. कठड्यापाशी बायकांच्या घोळक्यात सासूबाई उभ्या होत्या. त्या घरी कधी गेल्या ते मला कळलं नाही. मी संध्याकाळी पोचले तर त्यांनी ट्रंक काढलेली, भावजयीसाठी इरकली लुगडं वर ठेवलेलं, आणि स्वतः चुलीपुढे बसून गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

ते पाणी तलावाचं होतं, हे मला त्या रात्री सांगवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वतःच कठड्यावर आल्या. गटारं परत टाकीकडे वळवली होती आणि टाकीत एकही जीव शिल्लक नसल्यामुळे घाण एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जशीच्या तशी बाहेर पडत होती. ओढ्याला पुन्हा फेस आला होता.

"मेली व्हय गं समदी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी पदर तोंडावर घेतला. मला वाटलं शिव्या देतील, नगराध्यक्षाच्या सात पिढ्या काढतील. त्याऐवजी घरी येऊन लुगडं ट्रंकेत घातलं, ट्रंक माळ्यावर चढवली आणि दोन दिवस जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी तयार होऊन दारात उभ्या. म्हणाल्या, नव्यानं विरजायला काय काय लागतंय ते सांग.

मी सांगितलं. शेणाने वेळ लागेल, पुनव गाठायची तर दुसऱ्या गावाच्या चालू केंद्रातला गाळ आणायला हवा. तेवढं तांबोळींनी केलं. त्यांचा एक साडू शहरातल्या केंद्रावर होता, त्याच्या वशिल्याने टँकर भरून गाळ मिळाला. पण दुसरी अडचण मोठी होती. गावात संडास धुवायला घरोघर तेजाब ओतायची पद्धत होती, हॉटेलवाले तर कॅन उपडे करत. एवढं तेजाब आणि फिनेल खाली आलं की नाजूक विरजण टिकणं कठीण. मी पालिकेकडून सूचना काढायला गेले तर साहेब म्हणाले, निवडणुकीच्या तोंडावर लोकांच्या संडासात पालिका कशाला घालता.

मग सासूबाई निघाल्या. आळीआळीने फिरल्या. पुनवेपर्यंत तेजाब ओतू नका, राखेनं घासा, नाहीतर मला बोलवा, मी घासून देते, असं दारात उभं राहून सांगायच्या. काही बायका हसल्या. एकीने, म्हातारीला संडासाचा नाद लागला, असं त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्यांनी पदर खोचला आणि खरंच तिचा संडास घासून दिला. त्यानंतर त्या आळीत कोणी हसलं नाही. हॉटेलांच्या मागच्या दारांनी जाऊन त्यांनी स्वयंपाक्यांना हात जोडले. माझं माहेर खाली हाय बाबा, एवढंच म्हणायच्या. माझी मान खाली जायची, पण टाकी सावरत होती. उन्हं तापली होती, त्याचाही उपयोग झाला. पुनवेच्या आधी चारपाच दिवस नळीत वर निवळ दिसायला लागलं.

त्या आठवड्यात मी त्यांना एक गोष्ट तीनदा सांगितली. हे पाणी स्वच्छ आहे, पण प्यायचं नाही. यात दिसत नाही असं बरंच राहतं. शेताला चालेल, ओढ्यात मासे येतील, पण माणसाने पिऊ नये. तिन्ही वेळा त्यांनी, ते बघू तवा, असं म्हणून माळ्यावरून परत उतरवलेल्या ट्रंकेची कडी वाजवली.

पुनवेला सकाळीच आम्ही दोघी खाली उतरलो. गावाखालची पायवाट सासूबाईंच्या पायाखालची, पण पुढे ती सापडेना. सगळीकडे करवंदीच्या जाळ्या माजलेल्या. त्या थांबून थांबून बघत होत्या. हितनं समद्या लेकी यायच्या, म्हणाल्या, वाट मोडली कशी? जाळ्यांमधून लुगडं सोडवत, हातांना ओरखडे घेत आम्ही ओढ्यावर पोचलो. पलीकडून जत्रेचा ढोल ऐकू येत होता. काठावर मात्र आम्हां दोघींशिवाय एकही सासुरवाशीण नव्हती.

आणि पलीकडे एक म्हातारा दगडावर बसला होता. हातात काठी, डोक्याला पटका, तोंड आमच्याकडे पण नजर भलतीकडे. मी आदल्या दिवशी निरोप धाडला होता.

"आक्का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "बाकीच्या कुठं हायत रं?"

मामांनी सांगितलं ते असं. पलीकडच्या अंगाने डांबरी सडक होऊन बरीच वर्षं झाली. लेकी जीपने येतात, थेट देवळापाशी उतरतात. वाडीला नळ आलाय. ओढ्याचं पाणी कोणी घेत नाही, पाजत नाही. नव्या पोरींना अशी रीत होती हेही ठाऊक नाही. ते हे सहज सांगत होते, पाऊसपाण्याचं सांगावं तसं. सासूबाई ऐकत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ज्या वाटेकडे त्या रोज बघत बसल्या होत्या, ती वाट वाडीने कधीच सोडून दिली होती.

"मग तू हितं का बसलायस?" त्यांनी विचारलं.

"तू ह्या वाटनंच येणार की," मामा म्हणाले.

ते उठले आणि काठीने चाचपत पाण्यातून आमच्याकडे यायला निघाले. मी पाण्यात पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना अलीकडच्या काठापाशी आणलं. दगडांवरचा काळा थर अजून गेला नव्हता, पण पाण्यातून तळाची वाळू दिसत होती. मामांनी मला विचारलं, गढूळ हाय का निवळ? निवळ आहे, मी म्हणाले. त्यांनी काठी काखेत धरली, वाकून ओंजळ भरली आणि सासूबाईंच्या दिशेने पुढे केली. ओंजळीतून पाणी गळत होतं. सासूबाईंनी पदर सावरला आणि मान वाकवली.

मी म्हणाले, "आत्या, पिऊ नका."

त्या तशाच थांबल्या. "येक घोट," म्हणाल्या.

"एक घोटही नको. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मग कवा हुईल पिण्याजोगं? येत्या साली?"

मला खोटं बोलता आलं असतं. बोलावंसंही वाटलं. पण समोर मामांची ओंजळ होती आणि वर्षभराने मी त्यांना पुन्हा तेच सांगणार होते. "कधीच नाही, आत्या," मी म्हणाले. "वर माणसं राहतात तोवर नाही. ते त्यासाठी नाहीच."

सासूबाई काठावर खाली बसल्या. मामांनी ओंजळ सोडली नव्हती. आक्काला का अडवतीस पोरी, असं काहीतरी ते मला म्हणाले. तेवढ्यात सासूबाई बोलायला लागल्या. माझ्याशी नाही, भावाशी.

"तुला वाटतंय म्या रागावले हुते. समद्यास्नी वाटतंय. राग न्हवता रं बाळू. आमच्या आळीत पैला साखळीचा संडास म्या बांधून घेतला. घरात भांडून, घंगाळ इकून. लई मिरवलं. साखळी वढली की समदं जायचं. कुठं जातंय ते म्या कवा इचारलंच न्हाई. तू हितं तांब्या घिऊन सांगितलंस तवा कळलं. माझ्या घरची घाण माझ्या माहेरच्या पाण्यात. कुठल्या तोंडानं घरात येऊ?"

इतकी वर्षं त्या बाईच्या रागाला सगळं गाव भ्यालं होतं. मी भ्याले होते. मला त्यांच्यापाशी जाऊन बसावंसं वाटलं, पण मामांचा दंड सोडता येत नव्हता.

मामांनी ओंजळीतलं उरलंसुरलं पाणी ओढ्यात सोडलं. मग म्हणाले, "तुज्या येकटीचा का हुता त्यो संडास? समद्या केळगडाचं येत हुतं." आणि माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, "सूनबाई, पाय धुवाया चालतंय न्हवं हे पाणी?"

"चालतं, मामा."

"मग झालं."

त्यांनी रिकामे झालेले हात पुन्हा पाण्यात घातले. सासूबाईंचे पाय चाचपून शोधले. वहाणा काढल्या आणि ओंजळीओंजळीने त्यांच्या पायांवर पाणी घालायला लागले. करवंदीचे ओरखडे होते, तिथे त्यांचा अंगठा थांबायचा आणि सावकाश पुढे जायचा. सासूबाई हुंदके देत होत्या आणि मामा, बास बास, असं म्हणत पाणी घालतच होते. मीही रडले. रडू नये असं काही कारण मला दिसलं नाही.

मग आम्ही ओढा ओलांडून पलीकडे वर चढलो. मामांचा हात सासूबाईंनी धरला आणि त्याच पुढे झाल्या. वाडीत शिरताना मामा सांगत होते, आता आपलं घर सडकेला हाय, पोरानं नवं बांधलंय, सिमिटाचं. त्या हूं हूं म्हणत होत्या, पण त्यांचे पाय त्यांच्या मनाने चालले होते. देवळावरून सडकेकडे वळायचं सोडून त्या खालच्या बोळाला लागल्या. मामांना पायाखाली उतार लागला तसं ते कळलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून मला गप्प केलं.

बोळाच्या शेवटी एक ठेंगणं कौलारू घर होतं. त्यात आता म्हशी बांधत. दाराला फळ्या नव्हत्या, नुसती चौकट उरली होती. सासूबाईंनी लहानपणापासूनच्या सवयीने डोकं वाकवलं, उजवा पाय आत टाकला आणि तिथल्या अंधारात क्षणभर उभ्या राहिल्या. दावणीला दोन म्हशी रवंथ करत होत्या. शेणाचा उबट वास होता. चूल जिथे असायची, तिथे आता कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. त्यांनी एक पेंढी खाली ओढली आणि तिच्यावर बसल्या. डोळे मिटून घेतले.

आमची चाहूल लागून मामी नव्या घराकडून पळत आल्या होत्या. म्हाताऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही म्हणून काय नणंदेला गोठ्यात नेऊन बसवायचं, पुरण केलंय, पाट मांडलाय, असं त्यांचं चाललं होतं. मामा चौकटीला हात धरून आत आले, बहिणीच्या शेजारी जमिनीवर टेकले आणि काठी बाजूला ठेवली.

"आक्काचं ताट हिकडंच आण," ते म्हणाले.